बातमीची पत



१६ जानेवारी १९६७ या दिवशी गोमंतकातील मतदारांपुढे एकच प्रश्न होता. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा? विलीनीकरणाचे चिन्ह फूल आणि वेगळेपणाचे चिन्ह दोन पाने. तीन लाख सतरा हजारांहून अधिक लोकांनी मत दिले. मोजणी संपली तेव्हा फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडल्याचे जाहीर झाले. अंतर ३४,०२१ मतांचे होते.

आता आपण क्षणभर पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या मतदाराच्या जागी जाऊन बसू. हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. सोयरीक सीमेपलीकडे, भजनाचे अभंग मराठीतले, बाजारहाट बांदा-सावंतवाडीशी आणि दोडामार्गाशी जोडलेला. या भागाचा कौल विलीनीकरणाकडे झुकलेला होता. तेव्हा येथील मतदाराला आपल्या वाड्यावर, देवळाच्या चौकात, आठवड्याच्या बाजारात सगळीकडे फूलच दिसत असले पाहिजे. डोळ्यांची साक्ष एक होती आणि कानावर आलेली बातमी नेमकी उलटी होती. "हे खोटे आहे, कोणीतरी लबाडी केली आहे," असे म्हणून मोकळे होणे त्याला किती सोपे होते!

निकालाने त्याला दुःख झाले असेल, रागही आला असेल. तथापि तो निकाल गोव्याचा निर्णय म्हणून उभा राहिला. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. कौलात हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष त्या निवडणुकीत विजयी झाला आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. परंतु जो कौल लागला होता तो त्यांनाही मान्य करूनच राज्य चालवावे लागले. न रुचणारी बातमी एवढ्या मोठ्या समाजाने पचवली, ती कशाच्या बळावर? आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते या बळाविषयी. व्यापारात ज्याला आपण पत म्हणतो, तीच बातमीलाही असते. तिला पत नसेल, तर खरी बातमीसुद्धा खोट्या नाण्यासारखी परत येते.

या पतीचे रहस्य कौलाच्या आधीच्या एका घटनेत आहे. कौल घ्यावयाचे ठरले, तेव्हा युनायटेड गोवन्स पक्षाने आणि त्याचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांनी असा आक्षेप घेतला की, विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे मंत्रिमंडळच जर अधिकारावर राहिले, तर हा कौल निःपक्षपाती होणार नाही. आक्षेप कटू होता. "आमच्या प्रामाणिकपणावर शंका घेता काय?" असे विचारून तो झटकून टाकता आला असता. परंतु डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कौल राष्ट्रपती राजवटीखाली झाला. पक्षपाताचा आरोप येण्याआधीच त्याची वाट बुजवली गेली. निकालानंतर त्यावर विश्वास बसला तो कोणाच्या आवाजाच्या गोडव्यामुळे नव्हे. ज्याचा स्वार्थ होता, त्याने तराजूवरचा हात आधीच काढून घेतला होता, म्हणून तो बसला.

डिचोलीच्या बाजारात धान्य घेणाऱ्या बाईला दुकानदाराचा चेहरा पाहून माप खरे की खोटे ते कळत नाही. ती मापावरचा सरकारी शिक्का पाहते आणि दांडी कोणाच्या बोटाखाली आहे ते पाहते. बातमीचेही असेच आहे.

याच काळात वृत्तपत्रे काय करीत होती? १९६२ मध्ये सुरू झालेला 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता. १९६३ मध्ये निघालेला 'राष्ट्रमत' वेगळेपणाच्या बाजूने लढत होता, आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातलेच. यातील गंमत अशी की दोन्ही पत्रे मराठीच. कोकणीचा आणि गोव्याच्या पृथकपणाचा कैवार घेणारे पत्रसुद्धा मराठीतच निघत होते. वाचकाला मात्र यात काही घोटाळा वाटत नव्हता. कोणते पत्र कोणत्या बाजूचे, हे त्याला मथळा वाचण्याआधीच ठाऊक असे. पत्राने बाजू घेतली म्हणून त्याची फसवणूक होत नव्हती, कारण ती बाजू दिवसाउजेडी घेतलेली होती.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, बाजू घेणे आणि फसवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वकिलाला आपण पक्षपाती म्हणत नाही. तो एका बाजूचा आहे, हे त्याच्या झग्यावरूनच कळते. न्यायाधीशाच्या आसनावर बसून जो वकिली करतो, त्याच्याविषयीच आपली तक्रार असते. नभोवाणीची अडचण येथेच आहे. वृत्तपत्रे अनेक असतात आणि वाचक त्यांतून निवड करतो. नभोवाणी दीर्घकाळ एकच होती, आणि ती सरकारची होती. ती बोलते ते न्यायाधीशाच्या आसनावरून. म्हणून तिच्याकडे माप जास्त कडक लावले जाते, आणि ते योग्यच आहे.

गोमंतकाला या बाबतीत जो अनुभव आहे, तो भारतातल्या थोड्याच प्रदेशांना असेल. आशियातील पहिला छापखाना १५५६ मध्ये याच भूमीत उतरला. परंतु सालाझारच्या राजवटीत येथे लग्नपत्रिकासुद्धा अभ्यवेक्षकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे, असे त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी नमूद केले आहे. नभोवाणी होती ती 'एमिसोरा द गोवा'. तिच्यावरचे संगीत लोक आवडीने ऐकत. पण राज्यकर्त्यांना न आवडणारी बातमी तिच्यावरून येणे शक्यच नव्हते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पात्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल तेथे धारातीर्थी पडले. हे ज्यांच्या गावाच्या वेशीवर घडले, त्यांना ते नभोवाणीने सांगण्याची गरज नव्हती. परंतु साष्टी-बारदेशातल्या घरात बसलेल्या माणसाला ते कोणी सांगावे?

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९५५ रोजी, एक दुसरा आवाज सुरू झाला. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांचे सहकारी यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून, प्रथम आंबोलीच्या परिसरातून आणि पुढे कॅसलरॉकहून, एक गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. कोकणीत 'गोंयचे सोडवणेचो आवाज' आणि पोर्तुगीजमध्ये 'व्होझ द लिबेर्दाद' असे त्याचे नाव. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीच्या वेळी हाती आलेल्या बिनतारी यंत्रांतून ते उभे राहिले आणि डिसेंबर १९६१ पर्यंत, सहा वर्षे, ते बोलत राहिले. हे केंद्र निःपक्षपाती होते काय? मुळीच नाही. त्याच्या नावातच त्याची बाजू होती. तरीही लोक दारे लावून, आवाज बारीक करून ते ऐकत. कारण पणजीचे केंद्र जे झाकून ठेवीत होते, ते येथे ऐकू येत होते. जगात कोणते देश स्वतंत्र होत आहेत, पोर्तुगालविषयी बाहेर काय बोलले जात आहे, हे कळण्याची ती एक खिडकी होती.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. लिस्बनहून आदेश होता की सैनिकांनी एक तर जिंकावे नाही तर मरावे; पण गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी वस्तुस्थिती पाहून १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्या वेळी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता सांगण्याचे भाग्य वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनाच लाभले. लिबिया लोबो सरदेसाई यांना वयाच्या शंभरीत, २०२५ मध्ये, पद्मश्रीने गौरविण्यात आले. जानेवारी १९६२ मध्ये पणजीहून आकाशवाणी बोलू लागली.

परकी नभोवाणी जाऊन आपली आली, म्हणजे पक्षपाताचा प्रश्न सुटला काय? तसे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात आपल्याच आकाशवाणीवरून विरोधकांचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. किशोरकुमार यांनी सरकारी कार्यक्रमाला नकार दिला, म्हणून त्यांची गाणीसुद्धा बंद झाली. १९७७ मध्ये सत्तांतर झाल्यावर प्रसारमाध्यमांच्या गैरवापराविषयी एक श्वेतपत्रिका निघाली. बी. जी. व्हर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नभोवाणी-दूरचित्रवाणी सरकारच्या हातून काढून स्वायत्त न्यासाकडे द्यावी, अशी तिने १९७८ मध्ये शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा संमत झाला १९९० मध्ये आणि अंमलात आला १९९७ मध्ये. म्हणजे शिफारशीपासून अंमलबजावणीपर्यंत एकोणीस वर्षे गेली. या काळात दिल्लीत अनेक पक्ष सत्तेवर आले आणि गेले. विरोधी बाकावर असताना ज्यांना नभोवाणीचा पक्षपात दिसत होता, त्यांना सत्तेच्या बाकावर बसल्यावर तो दिसेनासा होत होता. दोष एका पक्षाचा असता, तर तो पक्ष गेल्यावर दोषही गेला असता.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. ब्रिटनची बी.बी.सी. ही निःपक्षपाती वृत्तप्रसारणाचा आदर्श म्हणून मिरवली जाते. मे १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला, बहुतेक वृत्तपत्रे बंद पडली आणि बातमीसाठी लोकांना नभोवाणीखेरीज दुसरा आधार उरला नाही. त्या आणीबाणीच्या वेळी पंतप्रधान बाल्डविन यांना नभोवाणीवर बोलू देण्यात आले आणि विरोधी नेते रॅम्से मॅकडोनल्ड यांना नाकारण्यात आले. संस्थेचे प्रमुख जॉन रीथ यांनी आपल्या दैनंदिनीत कबूलच करून ठेवले आहे की, आपण खरोखर निःपक्षपाती राहणार नाही याचा सरकारला भरवसा होता. पुढे शंभर वर्षे होत आली असता, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याच संस्थेचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांना राजीनामे द्यावे लागले. 'पॅनोरामा' या कार्यक्रमात अमेरिकेचे डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातील जवळजवळ तासाभराच्या अंतराने उच्चारलेली वाक्ये एकापुढे एक जोडून दाखविण्यात आली होती. वाक्ये खरी होती. त्यांमधले अंतर कापून टाकल्यामुळे मात्र अर्थ बदलला. कार्यक्रम दाखविल्यावर वर्षभर ती चूक झाकलेली राहिली आणि बाहेर आली ती संस्थेच्याच एका माजी सल्लागाराचे टिपण वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्यावर. चूक झाली त्याच आठवड्यात, त्याच पडद्यावर, तेवढ्याच ठळकपणे ती कबूल केली असती, तर पत इतकी खाली आली नसती. सावकाराच्या वहीत खाडाखोड होऊ शकते. पण ती ऋणकोसमोर व्हावी लागते.

यातून दुसरी गोष्ट लक्षात येते. खोटे सांगूनच पक्षपात करता येतो असे नाही. खरे तोडून, खरे मागेपुढे करून, आणि सर्वांत सहज म्हणजे गप्प राहून तो करता येतो. या शेवटच्या प्रकाराचा विचार करताना मला डिचोली तालुका आठवतो.

शिरगाव, पाळी, वेळगे, सुर्ला ही नावे खाणींशी जोडलेली आहेत. गोव्यातील प्रमुख वृत्तपत्रांचा उदय आणि खाण उद्योगाचा उत्कर्ष एकाच काळातला, आणि एकाच घराण्यांच्या आश्रयाने झालेला आहे. 'गोमन्तक' चौगुले उद्योगसमूहाने काढला, 'नवहिंद टाइम्स' धेंपे समूहाने. यात लपविण्यासारखे काही नव्हते आणि या पत्रांनी गोव्याच्या सार्वजनिक जीवनाची मोठी सेवा केली, हेही खरे. तरीही ज्या शेतकऱ्याच्या भातशेतीत पावसाबरोबर खाणीची माती वाहून येते, ज्याच्या विहिरीचे पाणी आटते, तो वर्तमानपत्र उघडतो तेव्हा एक प्रश्न त्याच्या मनात येणारच: "माझी तक्रार येथे छापली जाईल काय?" प्रत्यक्षात ती छापली गेली असेलही. परंतु प्रश्न मनात आला, एवढ्यानेच पतीला धक्का पोहोचतो. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले. तेव्हा प्रश्नाची दुसरी बाजूही दिसली. ट्रकाच्या हप्त्यावर ज्याचे घर चालत होते, त्यालाही वाटू लागले की बाहेरची वृत्तपत्रे आणि वाहिन्या केवळ पर्यावरणाचेच बोलतात, आपल्या बंद पडलेल्या चुलीचे कोणी बोलत नाही. एकाच गावात, समोरासमोरच्या दोन घरांत, एकाच बातमीवर दोन आरोप! पेडणे तालुक्यातही मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. त्याच्या बातम्यांतही जमीन गेलेल्याला एक वगळलेले दिसले असेल आणि नोकरीची आशा धरणाऱ्याला दुसरे.

तेव्हा आता आरोप करणाऱ्याकडेही, म्हणजे आपल्या स्वतःकडेही, एकदा पाहिले पाहिजे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांचा एक प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बैरूतमध्ये १९८२ साली झालेल्या हत्याकांडाविषयीच्या दूरचित्रवाणी बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखविल्या. बातम्या दोघांनाही त्याच दाखविल्या. इस्रायलच्या बाजूचे म्हणाले, हे आमच्याविरुद्ध आहे. अरबांच्या बाजूचे म्हणाले, हे आमच्याविरुद्ध आहे. दोन्ही गट प्रामाणिक होते. आपल्या बाजूचे जे सांगितले गेले ते प्रत्येकाला साहजिक वाटले आणि दुसऱ्या बाजूचे जे सांगितले गेले ते मुद्दाम घुसडलेले वाटले.

याचा अर्थ असा नव्हे की पक्षपाताचा प्रत्येक आरोप हा मनाचा खेळ असतो. बातमी देणारेही कधी कधी या गोष्टीचा सोयीस्कर उपयोग करतात: "दोन्ही बाजू आमच्यावर रागावतात, त्या अर्थी आम्ही मधोमध आहोत." हा युक्तिवाद लंगडा आहे. दोघेही रागावतात याचे कारण दोघांचीही फसवणूक झाली, असेही असू शकते. म्हणून आरोप ऐकला पाहिजे आणि तपासलाही पाहिजे. कोणती बातमी, कोणत्या दिवशी, काय वगळले, काय बदलले, हे ज्याला सांगता येते त्याचा आरोप तक्रार म्हणून घ्यावा. "सगळेच विकले गेले आहेत" असे जो म्हणतो, त्याला काहीच तपासायचे नसते.

आणि या शेवटच्या वाक्यातच आजचा मोठा धोका आहे. ज्याचा कोणावरच विश्वास उरत नाही, तो माणूस चिकित्सक होतो असे आपण समजतो. अनुभव निराळा आहे. त्याला जो आवडते ते सांगतो त्याच्यावर तो पूर्ण विश्वास ठेवतो. आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. त्यावर आलेल्या मजकुराला ना संपादक, ना पत्ता, ना चूक दुरुस्त करण्याची जागा. रेडी-तेरेखोलपासून साखळी-मयेपर्यंत एखादी अफवा अर्ध्या तासात फिरते. कसोटीला बांधलेली, चुकणारी, टीका सोसणारी वृत्तसंस्था आपण अविश्वासाने मोडीत काढली, तर तिच्या जागी निःपक्षपाती सत्य येऊन बसणार नाही. कोणालाच जबाबदार नसलेला आवाज तेथे येऊन बसेल.

मग सामान्य श्रोत्याने करावे तरी काय? फार मोठे काही नाही. बातमी सांगणाऱ्याचा मालक कोण, त्याचा स्वार्थ कोठे, हे माहीत करून घ्यावे. मत आणि वृत्त वेगळे दिले आहे की एकात कालवले आहे, ते पाहावे. चूक झाल्यावर तो कसा वागतो, याची आठवण ठेवावी. माणसाप्रमाणेच संस्थेची परीक्षाही तेव्हाच होते. आणि आठवड्यातून एकदा तरी, आपल्याला न पटणाऱ्या बाजूचे वृत्तपत्र संपूर्ण वाचावे. १९६६-६७ सालच्या गोमंतकात दोन्ही बाजूंची पत्रे एकाच भाषेत निघत होती, म्हणून ते सहज शक्य होते. ज्याने तेव्हा दोन्ही वाचली, त्याला निकाल कळला तेव्हा धक्का थोडा कमी बसला असेल. कारण सीमेपलीकडे नव्हे, तर मांडवीपलीकडेही निराळा विचार करणारी माणसे आहेत, हे त्याला आधीच कळलेले होते.

आणि ज्यांच्या हाती ध्वनिक्षेपक आहे, त्यांच्यासाठी धडा डिसेंबर १९६६ चाच आहे. "आमच्यावर विश्वास ठेवा" असे सांगून विश्वास मिळत नाही. ज्या ठिकाणी आपला स्वार्थ आहे, तेथून हात काढून घ्यावा लागतो, तोही कोणी ओढून काढण्याआधी. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या मतदाराने त्या जानेवारीत आपल्या मनाविरुद्धची बातमी स्वीकारली. अशी बातमी स्वीकारण्याची वेळ आपणा प्रत्येकावर कधी ना कधी येणार आहे. तेव्हा ती सांगणाऱ्याची पत शाबूत असली पाहिजे, आणि ती ऐकण्याची आपली तयारीही असली पाहिजे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.